कॉफी, फुगे आणि पत्ते: एकाच गटाचे दोन पेपर शेजारी ठेवून वाचताना

तुम्ही पेटची किंवा नेटची तयारी करत असाल, तर एक सवय आत्तापासूनच लावून घ्या. एखादा पेपर आवडला की त्याच संशोधकाचा, त्याच विषयावरचा दुसरा पेपर शोधायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे. आज मी तेच करणार आहे. विषय आपल्या सगळ्यांच्या हातातल्या कपाचा आहे: कॅफिन घेतल्यावर माणूस जास्त धोका पत्करतो की कमी?

नेटवर दोन्ही उत्तरं मिळतात. ‘कॉफी प्या, बेफिकीर व्हा’ हे एक आणि ‘कॉफीमुळे निर्णय सुधारतात’ हे दुसरं. दोन्हींच्या खाली ‘संशोधनात सिद्ध झालंय’ असं लिहिलेलं असतं. मूळ पेपर उघडल्यावर मात्र कळतं, की ‘धोका’ हा शब्द प्रत्येकानं वेगळ्या अर्थानं वापरलाय. माझं भांडण मुख्यतः त्या शब्दाशी आहे.

पहिला पेपर २०११ चा आहे, ‘जर्नल ऑफ स्लीप रिसर्च’मधला. किलगोर, कमिमोरी आणि बाल्किन हे लेखक. पंचवीस निरोगी माणसं (२१ पुरुष, फक्त ४ स्त्रिया) सलग ७५ तास जागी ठेवली. तीन रात्री, दर रात्री चार वेळा, दोन-दोन तासांच्या अंतरानं त्यांना च्युइंगगम दिलं. १२ जणांच्या गममध्ये दर खेपेला २०० मिलिग्रॅम कॅफिन होतं, १३ जणांच्या गममध्ये काहीच नव्हतं. कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. इथपर्यंत प्रयोग नीटनेटका आहे.

धोका मोजायला त्यांनी बार्ट वापरली, म्हणजे फुग्यांची चाचणी. लेहुएझ आणि सहकाऱ्यांनी ती २००२ मध्ये मांडली. पडद्यावर एक फुगा असतो. बटण दाबलं की तो थोडा फुगतो आणि तुमच्या खात्यात थोडे पैसे जमा होतात. हवं तेव्हा थांबून पैसे पदरात पाडून घ्यायचे. फुगा फुटला तर त्या फुग्याचे सगळे पैसे गेले. तो कधी फुटणार हे तुम्हाला सांगितलेलं नसतं.

निष्कर्ष असा: ५१ तासांच्या जागरणानंतर दोन्ही गटांत काही फरक नाही. ७५ तासांनंतर मात्र बिनकॅफिनवाल्यांचे फुगे जास्त फुटू लागले आणि खर्च-लाभाचं गुणोत्तर धोक्याच्या बाजूला सरकलं. कॅफिनवाले होते तिथेच राहिले. म्हणून पेपरचं शीर्षकच सांगतं, की तीव्र जागरणात वाढणाऱ्या धोका-प्रवृत्तीपासून कॅफिन संरक्षण देतं.

आता दुसरा पेपर. २००७, मुख्य लेखक तोच, जागरण तेच ७५ तासांचं, औषध तेच. फक्त चाचणी वेगळी: आयोवा गॅम्बलिंग टास्क. ही बेकारा, दमासिओ वगैरे मंडळींनी १९९४ मध्ये मांडली. पत्त्यांचे चार गठ्ठे असतात. ए आणि बी या गठ्ठ्यांतला प्रत्येक पत्ता १०० डॉलर देतो, पण मधूनच असा दणका बसतो की दर दहा पत्त्यांमागे निव्वळ २५० चा तोटा. सी आणि डी प्रत्येक पत्त्याला फक्त ५० देतात, पण दंडही लहान असतो, त्यामुळे दर दहा पत्त्यांमागे २५० चा फायदा. साधारण शंभर पत्ते उचलता उचलता माणसाला हळूहळू उमजतं, की दिसायला श्रीमंत असलेले गठ्ठे बुडवतात.

या चाचणीत कॅफिननं काहीही वाचवलं नाही. जागरणानं निवड बिघडली आणि कॅफिन घेऊनही ती बिघडलेलीच राहिली. याच मुख्य संशोधकानं २०१२ मध्ये सहकाऱ्यांसोबत पुन्हा पाहिलं. ४४ तासांचं जागरण, मग ६०० मिलिग्रॅम कॅफिन, किंवा ४०० मिलिग्रॅम मोडाफिनिल, किंवा २० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिन. माणसं जागी झाली, तरतरीत झाली. पत्ते मात्र तसेच चुकीचे उचलत राहिली.

म्हणजे एकाच माणसाच्या नावावर ‘कॅफिन वाचवतं’ आणि ‘कॅफिन वाचवत नाही’ असे दोन्ही निकाल आहेत. आमच्या इथे जर्नल क्लबमध्ये अशा वेळी कुणीतरी लगेच म्हणतं, ‘काहून, मग खरं कोणतं?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकलाय. दोन चाचण्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

फुग्यांचं गणित करून बघा. कागद-पेन घ्या, खरंच करा. बार्टच्या नेहमीच्या रूपात फुगा जास्तीत जास्त १२८ दाबांपर्यंत जाऊ शकतो आणि सरासरी ६४ व्या दाबाच्या आसपास फुटतो. समजा, दर दाबाला १ रुपया मिळतो. तुम्ही दरवेळी ३० दाबांवर थांबायचं ठरवलं, तर फुगा तोवर टिकण्याची शक्यता १२८ पैकी ९८, म्हणजे एका फुग्यामागे सरासरी कमाई सुमारे २३ रुपये. ६४ वर थांबलात तर निम्मे फुगे फुटतील, पण सरासरी कमाई ३२ रुपये. आणि ९० पर्यंत ताणलंत तर? तरीही जवळजवळ २७ रुपये! म्हणजे ३० वर थांबणाऱ्या ‘सावध’ माणसापेक्षा ९० पर्यंत दामटणारा ‘बेफिकीर’ माणूस जास्त कमावतो. आणि बहुतेक लोक ६४ च्या बरेच अलीकडे थांबतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. या चाचणीत बहुतेकांच्या बाबतीत थोडा जास्त धोका घेणं हाच चांगला निर्णय आहे. पत्त्यांच्या चाचणीत उलट: जास्त धोक्याचे गठ्ठे घेणं हा सरळसरळ वाईट निर्णय. तरी दोन्ही पेपरांच्या सारांशात ‘रिस्क’ हाच शब्द, आणि बातमीत आल्यावर तर दोन्हींचं ‘निर्णयक्षमता’ होऊन जातं. धोका पत्करणं आणि वाईट निर्णय घेणं या दोन गोष्टी एक नाहीत. आपल्याकडे ‘धाडस’ आणि ‘आततायीपणा’ असे दोन शब्द आहेत, ते उगाच नाहीत. चाचण्यांना मात्र एकच शब्द पुरतो.

दुसरं असं, की पत्त्यांची चाचणी मुळात शिकण्याची चाचणी आहे. कुठला गठ्ठा बुडवतो हे लक्षात ठेवायचं, आधीच्या दणक्यातून धडा घ्यायचा. फुग्यांमध्ये शिकणं कमी आणि प्रत्येक दाबाला ‘आता बस’ म्हणणं जास्त. ७५ तास जागा असलेला माणूस बटण दाबत राहतो तेव्हा तो धाडसी झालाय की नुसता गुंगीत बटण बडवतोय? फुटलेल्या फुग्यांची संख्या बघून हे कळत नाही. त्यामुळे २०११ च्या पेपरचा माझा अर्थ असा: कॅफिननं धोक्याची वृत्ती बदलली असं म्हणण्यापेक्षा लक्ष टिकवलं आणि लक्ष टिकल्यामुळे हात वेळेवर थांबला, एवढंच म्हणायला हवं. शीर्षकात ‘संरक्षण’ म्हटलंय ते मला जास्त वाटतं.

रॉजर्स आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या पेपरचं शीर्षक या बाबतीत प्रामाणिक आहे. ते कॅफिनबद्दल एवढंच म्हणतात: वेग वाढतो, शहाणपण नाही.

हे जीवरसायनाच्या अंगानंही पटतं, पण इथे सांभाळा. तुम्हाला माहीत आहेच, जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. कॅफिन अ‍ॅडिनोसिनच्या ए-१ आणि ए-२ए रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि त्याला जागा मिळू देत नाही. अ‍ॅडिनोसिन संपत नाही, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. शिवाय ए-२ए रिसेप्टर मेंदूच्या स्ट्रायटम भागात डोपामिनच्या डी-२ रिसेप्टरच्या शेजारी असतात, आणि डोपामिन म्हणजे बक्षिसाची ओढ. यावरून ‘कॅफिन धोका वाढवेल’ असं छान स्पष्टीकरण लिहिता येतं. आणि ‘थकलेल्या मेंदूचा लगाम परत घट्ट करून कॅफिन धोका कमी करेल’ असंही तितकंच छान लिहिता येतं. जी यंत्रणा दोन्ही निकालांना सारखीच बसते ती पुरावा नसते. ‘चर्चा’ या विभागात असा सुंदर परिच्छेद दिसला की मी हल्ली दोनदा वाचते.

आता आकड्यांकडे. १२ विरुद्ध १३ माणसं. ८० टक्के पॉवर हवी असेल तर एवढ्या लहान गटांत इफेक्ट साइझ साधारण १.२ च्या आसपास लागतो, म्हणजे प्रचंड. मध्यम परिणाम (०.५) पकडायचा असेल तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. अशा लहान प्रयोगात दोन गोष्टी होतात. खरा परिणाम असूनही तो निसटू शकतो. आणि जो पकडला जातो तो खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, कारण लहान दिसला असता तर तो ‘सिग्निफिकंट’ ठरलाच नसता. त्यात मोजमापं अनेक, वेळा दोन (५१ आणि ७५ तास), आणि फरक एकाच वेळी मिळालेला. लेखकांनी ५१ तासांचा नकार लपवला नाही, सारांशातच सांगितला, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं.

आणि याच जागी विद्यार्थी हमखास घसरतात. फुग्यांच्या पेपरात फरक सिग्निफिकंट, पत्त्यांच्या पेपरात नाही, म्हणून ‘कॅफिनचा परिणाम चाचणीनुसार बदलतो’ असं सिद्ध झालं का? नाही. तसं म्हणायला दोन्ही परिणामांची थेट तुलना करावी लागते. गेलमन आणि स्टर्न यांनी २००६ मध्ये यावर पूर्ण लेख लिहिलाय. २०११ मध्ये निवेनहॉइस आणि सहकाऱ्यांनी मेंदूविज्ञानातले असे १५७ लेख तपासले, जिथे ही चूक होऊ शकत होती. ७९ लेखांत ती झालेली होती. निम्म्याहून जास्त! मी वर चाचण्यांतल्या फरकाबद्दल जे म्हटलं ते चाचण्यांच्या रचनेवरून म्हटलंय, पी-व्हॅल्यूवरून नाही. व्हायव्हामध्ये हा फरक विचारला जातो.

पण २०११ च्या त्या पेपरात एक निष्कर्ष असा आहे, की ज्याबद्दल कुणीच बोलत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फुग्यांसोबत त्यांनी लोकांना एक प्रश्नावलीही दिली होती, स्वतःच्या धोका-प्रवृत्तीबद्दल. बिनकॅफिनवाल्यांचं वागणं ७५ तासांनी बदललं, पण प्रश्नावलीतली उत्तरं पूर्वीसारखीच राहिली. म्हणजे आपण बदललोय हे त्यांना कळलंच नाही. कॅफिनवाल्यांचं वागणं होतं तसंच होतं, पण स्वतःला ते आता कमी धोका घेणारे, कमी उतावळे समजू लागले. दोन्ही गटांत माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज आणि प्रत्यक्ष वागणं यांची फारकत झाली. ‘मला झोप नाही आली, मी ठीक आहे’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो?

नागपूरकरांना हे वाक्य कुठे ऐकू येतं हे सांगायला नको. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. सरळसोट रस्ता, ना वळण ना गाव, कारला ताशी १२० ची मर्यादा. थोड्याच दिवसांत ‘हायवे हिप्नोसिस’ हा शब्द मराठी पेपरांत रोजचा झाला. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला आग लागून २५ माणसं गेली. त्या एका अपघाताच्या कारणांबद्दल मी इथे काहीही म्हणत नाही. पण रात्रीची बस, एकसुरी रस्ता आणि थकलेला माणूस हा प्रश्न आपल्या दाराशी आहे, वॉल्टर रीडच्या सैनिकी प्रयोगशाळेत नाही. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंद डोळा लागला की १०० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

इथे कॅफिन उपयोगी पडतं का? शार्वूड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘बीएमजे’त ऑस्ट्रेलियातल्या लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांचा अभ्यास छापला. अपघात झालेले ५३० चालक आणि न झालेले ५१७. जागं राहण्यासाठी म्हणून मुद्दाम चहा, कॉफी, गोळ्या किंवा एनर्जी ड्रिंक घेणाऱ्यांमध्ये अपघाताची शक्यता ६३ टक्क्यांनी कमी आढळली. आकडा मोठा आहे. वय, झोप, किलोमीटर, विश्रांती यांचा हिशोबही त्यांनी केलाय. तरी हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. आपल्याला झोप येतेय हे ओळखून चहासाठी गाडी थांबवणारा माणूस इतर बाबतीतही जपून चालवणारा असू शकतो. तो फायदा कपातला की स्वभावातला, हे पूर्णपणे वेगळं करता येत नाही. आणि मघाची प्रश्नावली आठवा: चहा पिऊन ‘आता मी ठीक आहे’ म्हणून जो पुढचे दोनशे किलोमीटर झोप टाळतो, त्याचं काय, हे या अभ्यासातून कळत नाही.

मात्रेचाही प्रश्न आहेच. किलगोर यांच्या प्रयोगात एका रात्रीत ८०० मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे आणि चहाच्या एका सर्व्हिंगमध्ये ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं असं म्हटलंय. म्हणजे ८०० मिलिग्रॅम हे किमान १२, नाहीतर २६ कप झाले, आणि टपरीवरचा कट तर अजून लहान. आपल्याकडे कॅफिनयुक्त पेयांना लिटरमागे ३०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत फार तर ७५. तेव्हा ‘कॅफिनवरचं संशोधन’ वाचताना प्रत्येक वेळी मिलिग्रॅमचं कपात रूपांतर करा. निम्मा उत्साह तिथेच मावळतो.

पोट भरलेल्या, झोप झालेल्या माणसावर काय होतं? यावर २०२३ च्या ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मधला बिस्वास आणि सहकाऱ्यांचा अभ्यास बऱ्यापैकी गाजला. फ्रान्स आणि स्पेनमधल्या दुकानांच्या दाराशी गिऱ्हाइकांना फुकट पेय दिलं: काहींना साधारण १०० मिलिग्रॅम कॅफिनची एस्प्रेसो, काहींना बिनकॅफिनची कॉफी किंवा पाणी. कॅफिनवाल्यांनी सुमारे ५० टक्के जास्त पैसे खर्च केले, वस्तू ३० टक्के जास्त घेतल्या, आणि त्यातही चैनीच्या वस्तू. सीताबर्डीत किंवा इतवारीत साडी घ्यायला गेलात की गादीवर बसता बसता चहा येतो. दुकानदारांना हे कुणी शिकवायला नको होतं! पण आपल्या चहात कॅफिन कमी आणि भिडेचा भाग जास्त. चहा पिऊन रिकाम्या हातानं उठायला लाज वाटते. या अभ्यासाची जमेची बाजू हीच, की बिनकॅफिनची कॉफीही फुकटच होती, त्यामुळे भीड दोन्हीकडे सारखी. आणि रोज दोन कपांपेक्षा जास्त पिणाऱ्यांवर परिणाम कमी दिसला, हे बातम्यांनी गाळलं.

सवयीचा हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. जुलियानो आणि ग्रिफिथ्स यांच्या २००४ च्या आढाव्यानुसार कॅफिन बंद केल्यावर १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, २० ते ५१ तासांत शिगेला जातो आणि रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यालाही तो होऊ शकतो. बहुतेक प्रयोगांत सहभागींना आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद असते. म्हणजे सकाळी जो माणूस प्रयोगाला बसतो तो ‘सामान्य’ नसतो. तो चहा न मिळालेला, डोकं धरलेला माणूस असतो. त्याला कॅफिन दिल्यावर तो सुधारला, तर तो वर गेला की नुसता जागेवर आला? जॅक जेम्स यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरलाय, आणि त्याचं उत्तर न देणारा पेपर मी तरी पुढे उद्धृत करत नाही.

तुमच्यापैकी कुणाला यावर प्रस्ताव लिहायचा असेल, तर नागपुरातून करण्यासारखं काम भरपूर आहे. रात्रपाळीचे चालक, मेयो-मेडिकलमधले निवासी डॉक्टर, आणि मात्रा टपरीवरची: ५० ते १०० मिलिग्रॅम. चार गट हवेत: सवयीचे आणि बिनसवयीचे, प्रत्येकी कॅफिनसह आणि विना. स्त्रियांची संख्या चारवर ठेवू नका. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅफिनचा अर्धायुकाल जवळजवळ दुप्पट होतो आणि धूम्रपानानं तो घटतो, म्हणजे हे दोन प्रश्न अर्जातच विचारायला हवेत. फुगे आणि पत्ते दोन्ही त्याच माणसांवर, आणि कुठला आकडा मुख्य धरणार हे आधीच ठरवून नोंदवलेलं. नीतिशास्त्र समितीची परवानगी आणि सीटीआरआयवरची नोंदणी पहिला माणूस घेण्याआधी. सगळ्यात अवघड प्रश्न मात्र वेगळाच निघेल: बिनकॅफिनचा, पण टपरीसारखाच लागणारा चहा. दूध, साखर आणि आलं दोन्ही कपांत सारखं घातलं, तरी रोजचा पिणारा पहिल्या घोटाला ओळखेल अशी मला शंका आहे. म्हणून आधी वीसेक लोकांवर फक्त चवीची चाचणी घ्या: कुठल्या कपात कॅफिन आहे ते सांगा, एवढंच विचारा. निम्म्याच्या आसपास बरोबर आले तर पुढे जा. सगळेच ओळखायला लागले तर कॅप्सूलवर या.